ठणकवेलीचा गुण

औषधशास्त्र विभागात कधी उंदीर कमी पडत, कधी काचेच्या नळ्या, पण आत्मविश्वास कमी पडला असं कधी झालं नाही. तो सगळा विभागप्रमुखांकडे जमा होता आणि इतका होता की बाकीच्यांना स्वतःचा आणावा लागत नसे. प्रयोगाचं पहिलं माप यायच्या आत ते सांगून मोकळे होत, "हे जवळजवळ सिद्ध झालंय." निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि एव्हाना त्यांच्या नावावर अकरा गोष्टी जवळजवळ सिद्ध झालेल्या होत्या. विद्यार्थी त्यांना पाठीमागे जवळजवळसर म्हणत. तोंडावर नुसतं सर.

त्यांच्या हाताखाली एक बाई काम करायची. वय बेचाळीस. त्याआधी बारा वर्षं ती एका कारखान्यात गोळ्यांचा दर्जा तपासत होती. तिथे शंका घेणं हेच तिचं काम होतं आणि ती घेतली नाही तर वरचे ओरडत. मग संशोधनाची हौस म्हणून ती इथे आली, आणि इथे त्याच गुणाचा अवगुण झाला. एकच उंदीर ती वजनकाट्यावर तीनदा ठेवायची. कुणी "औषध चांगलं आहे" म्हटलं की विचारायची, "कशाच्या मानाने?" पहिल्या सहा महिन्यांतच विभागाने तिचं नाव शंकाबाई ठेवलं. तिला ते कळलं तेव्हा तिने ते मनावर घेतलं नाही. फक्त नाव नक्की कुणी ठेवलं याची दोघातिघांकडे चौकशी केली.

ठणकवेल विभागात आली ती हिच्याच तोंडून. चहाच्या सुट्टीत कुणाच्या तरी गुडघ्याचा विषय निघाला आणि ही सहज बोलून गेली, की आमचे सासरे गॅलरीतल्या कुंडीतल्या एका वेलीची पानं वाटून बोटांना लावतात. सासरे निवृत्त टर्नर. चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातलं, आणि शेवटी लोखंडाने त्याचा सूड बोटांच्या पेरांवर घेतला होता. पेरं अशी सुजायची की सदऱ्याची गुंडी लावताना पाच मिनिटं जायची.

"काय नाव वेलीचं?" सरांनी विचारलं.

"ठणकवेल म्हणतात."

"दुखणं थांबतं ना?"

"लावतात खरं रोज. नऊ वर्षं झाली."

या उत्तरात "हो" कुठेच नव्हतं, पण सरांना हो ऐकायला हो लागत नसे. त्यांनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांना समजावून सांगितलं की उत्तर नावातच आहे. ठणका घालवणारी वेल ती ठणकवेल. जुनी माणसं उगाच नावं ठेवत नव्हती. कप पुन्हा उचलेपर्यंत बारावी गोष्ट जवळजवळ सिद्ध झाली होती.

पुढचं सगळं झटपट झालं. वनस्पतींच्या जाणकारांनी पानं तपासून वेलीची ओळख पटवून दिली. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने सोळा पानी अर्ज दोनदा परत पाठवून तिसऱ्यांदा मंजूर केला. आणि पहिला उंदीर पिंजऱ्यात यायच्या आत वर्तमानपत्रात बातमी आली, "सूज आणि वेदना, दोन्हींवर रामबाण वेल". सोबत सरांचा फोटो. फोटोत त्यांच्या हातात जी वेल होती ती ग्रंथालयाच्या खिडकीतली शोभेची होती. फोटोवाला घाईत होता आणि शंकाबाईची कुंडी घरी होती. हिने ते लक्षात आणून दिलं तेव्हा सर म्हणाले की वाचकांना पानांशी नाही, भावनेशी देणंघेणं असतं.

उंदीरघर तळमजल्यावर होतं. लांबट खोली, दोन्ही बाजूंना पिंजऱ्यांची मांडणी, भिंतीवर तापमापक, आणि कितीही धुतलं तरी न जाणारा भुशाचा वास. तिथला कारभार मामांकडे. मामा कुणाचेच मामा नव्हते. पण वीस वर्षं पांढऱ्या उंदरांचं दाणापाणी केल्यावर माणूस आपोआप मामा होतो. उंदरांना नावं द्यायची नाहीत असा नियम होता आणि मामा तो काटेकोर पाळत. प्रत्येकाला ते "राजा" म्हणत.

आधी सुजेची परीक्षा झाली. ती करायची रीत अशी की उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात समुद्री शेवाळापासून काढलेल्या एका भुकटीचा थेंबभर द्राव टोचायचा. तासाभरात पंजा टम्म फुगतो. मग तो पाण्याने भरलेल्या नळीत खुणेपर्यंत बुडवायचा आणि पाणी किती चढलं ते बघायचं. जेवढं पाणी चढलं तेवढी सूज. उंदरांचे चार गट केले. एकाच्या पायाला नुसतं मलम, दुसऱ्याला बाजारात मिळणारं ओळखीचं औषध, तिसऱ्याला ठणकवेलीचं सौम्य मलम आणि चौथ्याला कडक.

शंकाबाईने सकाळी नऊला सुरुवात केली आणि दर तासाला मापं घेतली. तिसऱ्या तासाच्या मापाला ती थांबली. कडक मलमाच्या गटात सूज नुसत्या मलमाच्या मानाने निम्म्याच्या जवळपास होती. ओळखीच्या औषधाने याहून थोडंच जास्त काम केलं होतं. तिने नळी पुसली, पाणी बदललं, पुन्हा मोजलं. तेच. मामांना मोजायला लावलं. तेच. त्या दिवशी बसने घरी जाताना तिला स्वतःशीच हसू आलं. ती हसली, आणि मग हसण्यासारखं नक्की काय झालंय याची मनात उजळणी करत बसली. सहा-सहा उंदरांचे गट, एक दिवस, एक परीक्षा. तरीही वेलीत काहीतरी होतं. आपल्या गॅलरीतल्या वेलीत.

सरांना तिने आकडे दाखवले. त्यांनी ते न बघता मान डोलावली, कारण त्यांना ते आधीच माहीत होते.

मग वेदनेची परीक्षा आली आणि सगळं मुसळ केरात गेलं.

या परीक्षेला एक धातूची तबकडी लागते, ठरावीक तापमानाला गरम केलेली. भाजणार नाही, पण चटका जाणवेल अशी. त्यावर उंदराला ठेवायचं आणि तो पाय उचलून चाटेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. पंधरा सेकंद झाले की काही झालं तरी त्याला उचलून घ्यायचं, म्हणजे इजा होत नाही. वेदना कमी करणारं औषध दिलं असेल तर उंदीर जास्त वेळ निवांत उभा राहतो. नुसत्या मलमाचे उंदीर साधारण सहा-सात सेकंदांनी पाय उचलत होते. ओळखीच्या औषधाचे आठ-नऊला.

ठणकवेलीचे उंदीर तीन सेकंदांत पाय उचलत होते. कडक मलमाचा एक तर दीड सेकंदातच नाचायला लागला.

"राजाला आवडलं नाही हो," मामा म्हणाले.

शंकाबाईने तबकडीचं तापमान तपासलं. स्टॉपवॉच बदललं. खिडकी बंद केली, उघडली. मग पद्धतच बदलली. मलमाच्या डब्या मामांच्या हवाली केल्या आणि सांगितलं, की यांच्यावर तुम्हाला हवे ते रंगाचे ठिपके द्या, कुठल्या रंगात काय आहे ते कागदावर लिहून पाकिटात घाला आणि मला अजिबात सांगू नका. मामांनी हे काम इतक्या गांभीर्याने घेतलं की चार दिवस ते तिच्याशी हवापाण्यावरही बोलले नाहीत, न जाणो काही निसटायचं. नवे उंदीर आले, नवी मापं आली, आणि पाकीट उघडलं. हिरवा आणि जांभळा ठिपका, म्हणजे ठणकवेल. हिरव्याचे साडेतीन सेकंद, जांभळ्याचे पावणेतीन.

म्हणजे वेल सूज उतरवत होती आणि दुखणं वाढवत होती.

ती आकडे घेऊन सरांच्या खोलीत गेली. सरांच्या टेबलावर तेव्हा एक भलामोठा छापील फलक पसरलेला होता. पुढच्या महिन्यात विभागाची पाहणी करायला बाहेरून समिती येणार होती आणि तिला दाखवायला तो बनवून घेतला होता. वर मथळा होता, "सूज व वेदना यांवर ठणकवेलीचा दुहेरी विजय". खाली आलेखासाठी दोन चौकोन. एकात सुजेचा आलेख होता. दुसरा रिकामा होता आणि शंकाबाईची वाट बघत होता.

सरांनी आकडे पाहिले. या वेळी खरोखर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"उंदीर चपळ झालेत, मॅडम."

"म्हणजे?"

"सूज उतरली, पाय मोकळा झाला, म्हणून चटकन उचलता आला. साधी गोष्ट आहे."

शंकाबाईने सांगितलं की तबकडीवरच्या उंदरांना सूज आणलेलीच नव्हती. त्यांचे पाय आधीपासूनच मोकळे होते. यावर सरांनी दुसरा मार्ग सुचवला. जे सहा-सात उंदीर फार लवकर नाचले ते बहुधा आजारी असावेत. आजारी जनावर प्रयोगात धरू नये असा नियमच आहे, तेव्हा त्यांना वगळून सरासरी काढावी. तिने विचारलं की वगळायचे आजारी कोणते हे त्यांच्या प्रकृतीवरून ठरवायचं की आकड्यावरून. सर दुखावले. आपण या विभागासाठी काय काय केलं ते त्यांनी थोडक्यात, म्हणजे वीस मिनिटांत सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, की तुमच्या प्रबंधावर माझी सही लागते हे मी कधी तुम्हाला बोलून दाखवलेलं नाही. ते बोलून दाखवून झाल्यावर त्यांनी तिला दोन दिवसांची मुदत दिली.

ती घरी आली ती तोंड पाडून. नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सहा उंदीर वगळल्यास सरासरी किती येईल ते तोंडी करून दाखवलं. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो वह्या तपासायला आत निघून गेला.

सासरे गॅलरीत स्टुलावर बसून वेलीची पिवळी पानं खुडत होते. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. एवढे महिने हिने त्यांच्या कुंडीतून पानं नेली होती, कलमं नेली होती, वजनं केली होती. वेलीबद्दल दोन शब्द मात्र कधी विचारले नव्हते. सगळ्या जगाला "कशाच्या मानाने" विचारणारी ही बाई, पण घरातल्या माणसाला गृहीत धरून बसली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"बाबा, हा लेप लावल्यावर तुमचं दुखायचं थांबतं का हो?"

सासऱ्यांनी मान वर केली. "थांबतं? अगं, जीव जातो. लावला की दहा मिनिटांत जो ठणका सुरू होतो तो अर्धा तास. म्हणून तर ठणकवेल म्हणतात तिला. ठणकते म्हणून."

शंकाबाईला एकदम त्या फलकावरचा रिकामा चौकोन आठवला.

"मग लावता कशाला?"

"सूज उतरते ना. दुखलं तर दुखू दे, बोट वाकायला हवं." ते उठले, आत गेले आणि कपाटातून एक जाडजूड वही घेऊन आले. "तुला वाटलं मी नुसता लावत बसतो? चाळीस वर्षं मी कुठला भाग न मोजता पुढे पाठवला नाही."

वहीत नऊ वर्षांची मापं होती. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं मधलं पेर, रोज सकाळी व्हर्नियर लावून मोजलेलं. लेपाआधी आणि लेपानंतर, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत. जिथे लेप लावला नव्हता तिथे कारणासकट लिहिलेलं होतं, "वेलीला कीड", "परगावी", "कंटाळा". शेवटच्या रकान्यात ठणक्याची मिनिटं होती. एके वर्षी तर त्यांनी डाव्या हाताला मुद्दाम लेप लावला नव्हता, दोन्हींत फरक काय पडतो ते बघायला.

शंकाबाई जमिनीवरच बसली. विभागात तीन पदव्युत्तर विद्यार्थी होते. त्यांतल्या एकाचीही वही इतकी स्वच्छ नव्हती.

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस. आणि पेपरात आलं रामबाण म्हणून, तेव्हा म्हटलं शिकलेली माणसं आहेत, त्यांनी काहीतरी सुधारणा केली असेल."

तिला हसू आलं आणि लाजही वाटली. दोन्ही एकदम आल्यामुळे तिने नुसतंच नाक पुसलं. मग त्या वहीची पानं ती एकेक करून जेवायच्या वेळेपर्यंत वाचत राहिली, आणि सासरे शेजारी बसून, विचारलं नाही तिथेही खुलासे करत राहिले.

दोन दिवसांनी तिने सरांना सांगितलं की एकही उंदीर वगळणार नाही. सरांनी फलकावरचा दुसरा चौकोन सुजेचाच आलेख वेगळ्या रंगात छापून भरून टाकला. त्यांच्या मते पाहणीला येणारी माणसं आलेखाची उंची बघतात, नाव नाही.

समिती यायच्या दिवशी सर सकाळीच जिन्यावरून घसरले. तोच फलक बगलेत होता, त्यामुळे पायरी दिसली नाही. फलक वाचला, गुडघा सुजला. शंकाबाई खोलीत गेली तेव्हा सर विजार वर करून गुडघ्यावर जांभळ्या ठिपक्याच्या डबीतलं मलम चोळत होते. भरपूर चोळत होते.

"सर, आत्ता नका लावू. ते ठणकतं."

"तुमचं ना, मॅडम, सगळ्यात शंका."

"शंका नाही. या वेळी खात्री आहे."

पण हे वाक्य तिच्या तोंडी इतकं नवीन होतं की सरांचा त्यावर विश्वास बसला नाही. स्वतः लावून समितीपुढे उभं राहण्यासारखा पुरावा नाही, असं म्हणून त्यांनी आणखी एक बोटभर घेतलं.

समितीत तिघं होते. दोन पुरुष, आणि जाड चष्म्याच्या एक वयस्क बाई, ज्या आल्यापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सभागृहात सर फलकापुढे उभे राहिले. सुरुवात झकास झाली. जुन्या माणसांचं शहाणपण, नावातच दडलेलं उत्तर, दुहेरी विजय, सगळं ठरल्याप्रमाणे आलं. मग स्वतःच्या गुडघ्याचा किस्सा त्यांनी रंगवून सांगितला. सकाळी पडलो, ठणकवेल लावली, आणि आता बघा.

समितीने बघितलं. सरांनी वजन डाव्या पायावर घेतलं. मग उजव्या पायावर घेतलं आणि लगेच परत डाव्यावर. कपाळावर घाम आला. "वेदनेवर तर," ते म्हणाले, "वेदनेवर तर हिचा," आणि उजवा पाय हळूच वर उचलून बगळ्यासारखे उभे राहिले. शेवटच्या रांगेत शंकाबाईचा हात सवयीने खिशातल्या स्टॉपवॉचकडे गेला. तिने तो मागे घेतला, मग न राहवून घड्याळाकडे पाहिलं. लावल्यापासून अकरा मिनिटं. दाराशी उभ्या असलेल्या मामांनी तिच्याकडे बघितलं, आणि ओठ न हलवता "राजा" म्हटलं असावं असं तिला वाटलं. तिने ओठ चावून मान खाली घातली.

सर खुर्चीवर बसले. बसले म्हणजे कोसळलेच. पाणी आणलं गेलं. कुणीतरी डॉक्टरला बोलवायचं म्हणालं, आणि सरांनी विव्हळत सांगितलं, की हे मलम तेवढं धुऊन काढा.

तेव्हा चष्म्याच्या बाई पहिल्यांदा बोलल्या. "हे असं होतं हे तुमच्यापैकी कुणाला माहीत होतं?"

शंकाबाईच्या मनात आलं, आपलेच दात नि आपलेच ओठ. प्रबंधावर सही कुणाची लागते हेही आठवलं. पण प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर द्यायची तिला सवय नव्हती. ती उठली आणि म्हणाली, "मला माहीत होतं. माझ्या वहीत आहे."

बाईंनी वही मागितली. तबकडीची पानं, ठिपक्यांचं पाकीट, सुजेचे तक्ते, सगळं बघितलं. शंकाबाईने सासऱ्यांची वहीही आणली होती. ती त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ बघितली. "कंटाळा" या नोंदीपाशी त्या हसल्या. मग म्हणाल्या, की सूज आणि दुखणं जोडीनेच येतात आणि जोडीनेच जातात असं आपण सगळेच धरून चालतो. इथे एक वेल दोघांना वेगळं करते आहे. ते तिला कसं जमतं हे शोधण्यासारखं आहे. दुहेरी विजय तर बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो.

आता सरांचं मोठेपण असं की बादलीभर पाण्याने गुडघा अजून धुतला जात असताना त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मी पहिल्यापासून नेमकं हेच म्हणत होतो."

जमलेल्यांपैकी कुणीही हसलं नाही. ही त्या विभागाची शिस्त.

पुढच्या महिन्यात वर्तमानपत्रात दुसरी बातमी आली. प्रमुखांनी स्वतःच्या देहावर प्रयोग करून वेलीचं गूढ उकललं, असा तिचा आशय होता. या वेळी फोटोतली वेल खरी होती, कारण शंकाबाईने ती स्वतः नेऊन दिली. या कामाचा शोधनिबंध तयार झाला तेव्हा पहिलं नाव सरांचं, दुसरं सरांच्या भाच्याचं, ज्याने फलकाचे रंग निवडले होते, आणि तिसरं तिचं. सासऱ्यांचा उल्लेख शेवटी होता, "एका वृद्ध इसमाचे सहकार्य". तिने सही करायचं नाकारलं. मूळ वह्या तिच्या कपाटात होत्या आणि चष्म्याच्या बाईंनी त्या पुन्हा मागवल्या होत्या. त्यामुळे सरांना पहिल्यांदाच आपलं म्हणणं मागे घ्यावं लागलं. भाचा गेला, ती पहिली झाली, आणि सासऱ्यांच्या नऊ वर्षांच्या मापांचा एक अख्खा तक्ता आत आला, त्यांच्या हुद्द्यासकट, निवृत्त टर्नर. सरांनी सही केली. करताना म्हणाले की तुमच्यात मी ही जिद्द आधीच ओळखली होती.

सासऱ्यांनी छापील तक्ता भिंग लावून तपासला आणि तिसऱ्या ओळीत एक चूक काढली.

बातमीचा परिणाम मात्र अजब झाला. मलमासाठी विभागात माणसांची रीघ लागली. शंकाबाई प्रत्येकाला सांगायची की हे अजून माणसांसाठी तयार नाही, आणि याने दुखतं. माणसं म्हणायची, झोंबतं म्हणजेच लागू पडतं. गोड औषधाने कधी कुणाला गुण आलाय का? ती हात जोडून सगळ्यांना परत पाठवायची.

मामा शेवटी आले. विभाग रिकामा झाल्यावर, टोपी हातात धरून. त्यांच्या बायकोचा घोटा दोन महिने सुजलेला होता, चप्पल चढत नव्हती. डॉक्टरांनी तपासून हाड शाबूत असल्याचं सांगितलं होतं. तिने त्यांनाही तेच सांगितलं, की डबी देता येणार नाही. आणि पानं घरची म्हटली तरी अर्धा तास भयंकर ठणकेल, त्यांना हे आधी नीट सांगा.

"सांगितलंय," मामा म्हणाले. "ती म्हणाली, तुमचे ते उंदीर मुके म्हणून एवढे दिवस गेले. मला दुखलं तर मी बोलेन तरी."

रविवारी मामी घरी आल्या. सासऱ्यांनी आधी व्हर्नियर लावला, पण घोटा त्यात मावेना, म्हणून मग शिंप्याची फीत शोधली. लेप लावला. नवव्या मिनिटाला मामींनी तोंड उघडलं आणि वेलीला, वेल लावणाऱ्याला, विभागाला आणि वीस वर्षं उंदरांचं कौतुक करणाऱ्या नवऱ्याला असे काही शब्द ऐकवले की शंकाबाईचा नवरा वह्या सोडून बाहेर आला. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सासरे मात्र पुढे झुकून, कान देऊन ऐकत होते. नऊ वर्षं हे सगळं त्यांनी एकट्याने, दात-ओठ खात सोसलं होतं. कुणीतरी त्यांच्या वतीने बोलत होतं आणि त्यांना ते मनापासून पटत होतं.

तासाभराने फीत पुन्हा लावली. घोटा पावणेदोन सेंटिमीटरने उतरला होता. मामींनी डोळे पुसले, चप्पल घातली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि पुढच्या रविवारी किती वाजता यायचं ते विचारलं.

शंकाबाईने नवी वही काढली आणि पहिल्या पानावर वेळ टाकली.